डावीकडचं मागचं दार

त्या दुपारी बाळाला फक्त दोन शहाळी घ्यायची होती.

त्याची एकुलती एक मुलगी निधी पहिल्या बाळंतपणासाठी सांताक्रूझहून माहेरी, भांडुपला आली होती. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी झाली, सगळं ठीक आहे म्हणाल्या. परतताना कडेला शहाळ्यांचा ढीग दिसला म्हणून बाळाने गाडी थांबवली, चावी बंद केली. निधी आत बसूनच शहाळ्याचं पाणी प्यायली. मग बाळाने पुन्हा चावी फिरवली. इंजिन घरघर फिरलं, पण पेटलं नाही. ऑक्टोबरचं ऊन टपावर तापत होतं आणि मागून बस हॉर्न मारत होती.

"परत तेच," निधी म्हणाली.

"होईल सुरू. अर्ध्या तासाने होते."

"बाबा, मला अर्धा तास नाही मिळाला तर?"

बाळाने परत चावी फिरवली. त्याला राग आला, आणि राग कोणावर काढावा हेही कळेना.

गाडी जुनी होती, पण नीट ठेवलेली. ती घेण्याचं कारणच निधी. बाळाचं घर भांडुपच्या डोंगराच्या उतारावर, बैठ्या चाळीच्या शेवटच्या टोकाला. रिक्षावाले चढ बघूनच मान हलवायचे, मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सी खालच्या वळणावरून परत फिरायच्या. पोरीला कळा सुरू झाल्या तर तिला चालत उतरवायची काय? म्हणून बाळाने घाटकोपरच्या सुबोध नावाच्या माणसाकडून ही गाडी घेतली. सकाळी थंड असताना एका चावीत सुरू व्हायची. एकदा तापली आणि कुठे बंद केली, की मग हट्टाला पेटायची. बरोबर अडीनडीच्या वेळी दगा देणारी वस्तू बाळाला माणसातही आवडत नसे.

बाळा ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होता. बिघाड कसा शोधायचा याची त्याची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बिघाड समोर असतानाच तपासायचं. उताराखालच्या गॅरेजवाल्या सर्वेशची रीत उलटी. तो भाग बदलायचा आणि वाट बघायचा. त्याने आधी प्लग बदलले. मग कॉइल. मग पेट्रोलचा पंप.

"तू रोग बघत नाहीस रे," बाळा म्हणाला. "तू नुसता औषधं देत सुटलायस."

"काका, माझ्याकडे आणता तेव्हा ती झकास चालू होते. मी काय बघू?"

ते खरंच होतं. मग एका रविवारी बाळाने गाडी मुलुंडपर्यंत फिरवून तापवली, गॅरेजच्या दारात आणून बंद केली आणि सर्वेशला समोर उभा केला. चावी फिरवली. घरघर. सर्वेशने प्लग काढून वायरला लावला. निळी ठिणगी टक टक उडत होती. नळी सोडून बघितली, पेट्रोल जोरात आलं. हवेची जाळी स्वच्छ. बॅटरी तगडी.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे," बाळा म्हणाला. "चौथं काय लागतं गाडीला?"

सर्वेशने हात पुसले. "चौथं काही नाही लागत, काका. ही चालू व्हायला पाहिजे." त्याने बोनेट खाली ओढलं. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "विकून टाका ना."

चौथी गोष्ट सापडली ती बाळाच्या बायकोला, रुक्मिणीला, आणि तीही चिडचिडीत. भाजी घेऊन दोघं मंडईतून येत होती. दुधासाठी थांबली, आणि गाडी बसली. बाळा चावी फिरवून फिरवून घामाघूम. रुक्मिणी म्हणाली, "कोथिंबीर उकडतेय मागे," आणि उतरून तिने डावीकडचं मागचं दार उघडलं. पिशवी ओढली, ती सीटखाली अडकली होती, तिला वेळ लागला. मग तिने दार लावलं. बाळाच्या बोटांत चावी होतीच. गाडी पहिल्याच फिरकीला पेटली.

बाळाने गाडी परत बंद केली.

"अहो, आता कशाला बंद केलीत?"

"थांब."

चावी फिरवली. घरघर. त्याने उतरून उजवीकडचं मागचं दार उघडलं, लावलं. घरघर. पुढची दोन्ही दारं उघडून लावली, डिकी उघडून लावली. काही नाही. मग डावीकडचं मागचं दार उघडलं आणि लगेच लावलं. तरी नाही. शेवटी ते उघडून तो नुसता उभा राहिला. दूधवाला बघत होता, रुक्मिणी बघत होती. मग दार लावलं. गाडी सुरू.

"दार उघडं ठेवावं लागतं," बाळा म्हणाला. "एखादं माणूस उतरून परत चढेल इतका वेळ."

 घरी येईपर्यंत कोणी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वेशने त्या दाराची झाडून सगळी वायर काढून बाजूला ठेवली. आता दार म्हणजे नुसता पत्रा आणि काच. तरीही तेच. तेव्हा बाळाने गाडी तापवून चाळीच्या टोकाला, सपाट जागेवर उभी केली, आपला तळहात मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं.

टळटळीत दुपार होती. चाळीत सगळ्यांची जेवणं होऊन पंखे लागले होते. आतून एक वास आला... खोबरेल तेलाचा, आणि त्यात मिसळलेला सांधेदुखीच्या बामाचा. घरात कोणी तो बाम लावत नव्हतं. मग हाताखालचा पत्रा वर आला. थोडासाच. मागच्या सीटवरचं माणूस उतरलं की गाडी हलकी होते, तसा.  समोरच्या धुळीत काहीच उमटलं नाही. शेजारची मांजर पायरीवर बसली होती, ती उठून आत गेली. आणि मग पत्रा हळूहळू, एका बाजूने, पुन्हा खाली बसला. कुणीतरी दाराला धरून, गुडघे सांभाळत परत चढलं होतं.

भीती वाटायच्या आधी बाळाला राग आला. माझ्या पोरीच्या जिवाशी खेळ चालवलाय हा, असं त्याला वाटलं. आणि हा खेळ माहीत असूनच त्या सुबोधने गाडी आपल्या गळ्यात मारली.

तो त्याच पावली घाटकोपरला गेला.

सुबोध एका उंच इमारतीत राहायचा. बाळाची तक्रार ऐकून तो दारातच उभा राहून म्हणाला, "गाडी घेताना बघून घेतली होतीत ना? माझ्याकडे असताना असलं काहीही नव्हतं."

"मागे डावीकडे कोण बसायचं?"

सुबोधचा चेहरा बदलला नाही, पण त्याने दार थोडं ओढून घेतलं. "का?"

"खोबरेल तेल आणि बाम," बाळा म्हणाला.

सुबोध चौकटीवर नखाने खरवडू लागला. "आई," तो म्हणाला. "वारली ती मार्चमध्ये. पण गाडीत नाही वारली, तसलं काही मनात आणू नका. आम्ही तिला बदलापूरकडे ठेवली होती, आश्रमात. चांगला आहे आश्रम. इथे आमची बैठी घरं पाडली, हा टॉवर झाला. आईला लिफ्टची भीती. दिवसभर एकटी. कोण बघणार?"

"काय सांगून नेलंत?"

"म्हणजे?"

"गाडीत बसवताना काय सांगितलंत तिला?"

"...घरी जाऊ म्हटलं. नाहीतर बसली नसती." सुबोध बाळाकडे बघत नव्हता. "तिथे पोचल्यावर उतरेना. दार उघडलं तर वाकून बाहेर बघायची, म्हणायची हे माझं घर नव्हे, आणि परत सरकून बसायची. असं कितीदा. अर्धा तास तमाशा. मग तिथल्या दोन बायकांनी धरून उतरवलं."

"आणि गेल्यावर?"

"तिथेच केलं सगळं. सोयीचं पडलं."

बाळाच्या कानशिलांत रक्त उसळलं. गाडीचा राग कुठल्या कुठे गेला. पाडलेलं घर तिचं, त्यावर उभा राहिलेला टॉवर तिच्या जिवावरचा, आणि मेल्यावरसुद्धा तिला उंबरा दाखवणं कोणाला सोयीचं पडलं नाही.

"खाली चल," तो म्हणाला. "गाडी खाली उभी आहे. दार उघडून तिला एकदा म्हण, आई, ये वर."

"वेडे झालात का तुम्ही?"

"एवढंच म्हण. मग मी जातो."

सुबोधने दार लावलं. आतून साखळी सरकवल्याचा आवाज आला.

बाळा एकटाच खाली आला. त्याने डावीकडचं मागचं दार उघडलं आणि एरवीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं. पत्रा वर आला. तो तसाच वर राहिला, राहिला... फरशी, काच, कारंजं, गाड्यांच्या रांगा. त्या आवारात तिच्या ओळखीची एकही वस्तू नसणार. मग गाडी एका बाजूने खाली बसली.

"साहब, गाडी हटाओ," वॉचमन म्हणाला.

घरी येऊन बाळाने सगळं रुक्मिणीला सांगितलं. निधीला ऐकू जाऊ नये म्हणून दोघं मोरीपाशी उभी राहून कुजबुजत होती.

"पण एक सांगा," रुक्मिणी म्हणाली. "त्याच्याकडे असताना गाडी अडत नव्हती म्हणाला ना तो?"

"खोटारडा आहे."

"बाकीचं एवढं लाजेचं खरं बोलला, मग हेच का खोटं बोलेल? अडायला लागली ती आपल्याकडे आल्यावर. आपण काय केलं गाडी आणली त्या दिवशी?"

बाळाला आठवलं.

त्यांनी जे केलं होतं ते कोकणातून आलेली कुठलीही माणसं करतात. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. चाळीतले धोंडूकाका, बाळाच्या वडिलांचे चुलत भाऊ, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या घरातले. गाडीसमोर उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात देवाला सांगितलं होतं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या बाळान ही गाडी घराक हाडल्यान हा. हेच्यात जो कोण बसतलो, तेका तेच्या घराक सुखरूप पोचव. तो पोचल्याशिवाय हिचा पाऊल दुसऱ्या वाटेक पडा नये, रे म्हाराजा." आणि सगळी चाळ एका सुरात म्हणाली होती, "व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज बाळाचा होता.

बाळा तसाच धोंडूकाकांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळता मळता ते थांबले.

"मी म्हटलंय, जो कोण बसतलो. जितोच होयो, मेलेलो नको, असा मी खंय म्हटलंय? देव काय चुकलो नाय. तेणी शबूद पाळल्यान. गाडी थांबली की म्हातारेक वाटता, इला घर. दार उघडलास की बघता. घर नाय दिसला की परत बसता. सकाळी गाडी काढतंस तेव्हा तिका वाटता, आज तरी घराक व्हरतले. म्हणून सकाळी अडणा नाय."

"मग गाऱ्हाणं मागे घ्या."

"शबूद मागे घेवक येना नाय. फेडूक होयो. तिका तिच्या घराक सोड."

"तिचं घर पाडलं. पोरगा दार लावून घेतो."

"मग दुसऱ्या कोणाच्या तरी घराचा नाव घेवक होया," धोंडूकाका म्हणाले. "आणि थंय तिका घरच्या माणसासारखा ऱ्हवाक मिळाक होया. असा कोण देतलो?"

बाळाच्या डोळ्यांसमोर ती साखळी लागलेली चौकट आली. सगळ्या जगात एका म्हातारीला टेकायला उंबरा नाही, या गोष्टीची त्याला इतकी चीड आली की शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघाले.

"माझं नाव घ्या. माझं घर तिचं घर."

काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बायलेक इचारलंस?"

"ती काय नाही म्हणणार आहे? माणुसकी आहे आमच्या घरात."

"माणुसकीचा मी इचारूक नाय. बायलेक इचारलंस काय?"

"काका, पोरीला कधीही कळा येतील. घाला गाऱ्हाणं."

तिन्हीसांजेला, गाडीपाशी दोघंच उभे राहून, धोंडूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज या वेळी खणखणीत नव्हता. "बा म्हाराजा, हेच्यात जी माऊली बसलीहा, तिका आजपासून बाळाचा घर ता तिचा घर. तिका थंय सुखरूप पोचव. थंयसून तिका कोणी उठवा नये, कोणी भायर काढा नये, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाळा एकटाच म्हणाला. शेवटचं वाक्य काकांना कोणी सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

बाळंतीण घरी येताना म्हातारीलाही उतरवू, असं ठरवून बाळाने त्या दाराला हात लावला नव्हता. त्याच आठवड्यात निधीला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ. गाडी उतार उतरून मुलुंडच्या रस्त्याला लागली आणि पुलाच्या अलीकडे गर्दीत इंजिन बंद पडलं. निधीने रुक्मिणीचा हात घट्ट धरला. बाळाने मनातल्या मनात हात जोडले आणि चावी फिरवली. गाडी तापलेली असूनही एका फिरकीला पेटली. दुपारी निधीला मुलगी झाली.

तीन दिवसांनी चौघं घरी निघाली. निधी तान्हीला घेऊन मागे उजवीकडे बसली, रुक्मिणी तिला चिकटून मधे. डावी जागा मोकळी होती. ती मोकळी का सोडली हे रुक्मिणीला कोणी विचारलं नाही. चढ चढून गाडी पायरीपाशी थांबली. शेजारणीने भाकरतुकडा ओवाळला, निधी बाळ घेऊन आत गेली, पाठोपाठ रुक्मिणी. सगळे उतरल्यावर बाळाने डावीकडचं मागचं दार उघडलं. पत्रा वर आला. तो पुन्हा खाली बसला नाही. बाळाचे डोळे भरून आले. त्या सुबोधला हे दाखवायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

रुक्मिणी पुन्हा दारात येऊन बघत होती. "उतरल्या?"

"उतरल्या."

"कुठे उतरल्या?"

बाळा गाडी पुसायला लागला. रुक्मिणी तिथेच उभी राहिली, मग आत गेली.

त्यानंतर गाडी कधी अडली नाही. बारशाच्या आदल्या दिवशी सर्वेश पेढे खायला आला, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. बाळाने गाडी खाली स्टेशनपर्यंत नेऊन आणली, पायरीपाशी बंद केली, आणि त्याच्याच हातात चावी दिली. सर्वेशने फिरवली. सुरू. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू.

"काका, काय केलंत काय तुम्ही? मला तरी सांगा, माझी इज्जत गेली राव."

त्याचा तो चेहरा बघून निधीला हसू आलं म्हणून ती बाहेर आली. रुक्मिणीही पदराला हात पुसत पायरी उतरली. बाळ आत झोळीत झोपलं होतं. चौघं बोनेटभोवती उभी होती. वारा पडलेला होता, दोरीवरची दुपटीसुद्धा हलत नव्हती.

मागे घराचं दार लागलं. आपटलं नाही, कोणीतरी हलक्या हाताने लोटून घ्यावं तसं लागलं. मग आतून कडी सरकली.

"आई," निधी म्हणाली, "आत कोण आहे?"

 रुक्मिणी नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेसमोर त्याला उभं राहवेना. तो पायऱ्या चढला.  त्याने आपल्याच दाराची कडी हलकेच वाजवली.

आतून पावलं आली. सावकाश, गुडघे सांभाळत. ती दारापाशी थांबली.

"कोण पाहिजे?" आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. भर दुपारी झोपमोड झाल्यासारखा, जरा चिडलेला.

"मी... बाळा. हे माझं घर आहे. दार उघडा."

 आत झोळीची दोरी एका लयीत करकरायला लागली.

"नाही हो," आतून आवाज आला. "इथे आम्ही दोघीच असतो."